पुराण सांगणारे पाद्री : फादर थॉमस स्टीफन्स

वाघोलीत राहायला आलेल्या आपल्या कुटुंबांची मूळ गावे वेगवेगळी आहेत. कोणी श्रीरामपूर-संगमनेरकडचे, कोणी मराठवाड्यातले, कोणी वसईचे, कोणी गोव्याचे, तर काही घरे थेट केरळ-तमिळनाडूतली. नाताळात गोठा करायला घेतला की हे लगेच दिसून येते. एकाला ज्वारीचा कडबा हवा असतो, दुसऱ्याला भाताचा पेंढा, आणि मुलांना टीव्हीवर पाहिलेला कापसाचा बर्फ. बेथलेहेमात जन्मलेले बाळ एकच, पण त्याची गोष्ट सांगताना प्रत्येक जण आपल्या अंगणातले काहीतरी आणून ठेवतो. हे योग्य की अयोग्य, आणि योग्य असेल तर किती, यावर आपल्यात दरवर्षी थोडीफार चर्चा होतेच.

चारशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न ज्यांनी फार मोठ्या प्रमाणावर हाताळला ते येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स. त्यांचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. ते इंग्रज होते, त्यांनी ‘ख्रिस्तपुराण’ लिहिले, मराठीची स्तुती केली, एवढे बहुतेकांना माहीत असते. पण पुराणच लिहिण्याची वेळ त्यांच्यावर का आली, हे सहसा सांगितले जात नाही. म्हणून या रविवारी त्यांचे चरित्र थोडे सविस्तर देत आहोत.

फादर स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातल्या बुश्टन या गावी झाला. वडील लंडनचे व्यापारी होते. थॉमस लहान असतानाच, १५५८ साली, एलिझाबेथ राणी गादीवर आली आणि त्यानंतर तेथील कॅथलिकांचे दिवस पालटले. मिस्सा बंद झाली. ती करणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यालाही शिक्षा ठरली. तरुण थॉमस यांची थॉमस पाउंड नावाच्या एका श्रीमंत कॅथलिक गृहस्थाशी मैत्री होती. त्यांच्या नोकराचा वेष घेऊन ते त्यांच्याबरोबर हिंडत असत. दोघांनी मिळून रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करण्याचे ठरवले, पण निघण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले. पुढे त्यांच्या आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजी त्यांनी येशूसंघात प्रवेश केला.

वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. सरकारने आपली प्रार्थना बंद केली की घरातल्या माणसांवर काय गुदरते, हे या धर्मगुरूंनी स्वतःच्या देशात अनुभवले होते.

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या कार्याची कीर्ती त्या वेळी युरोपभर पसरली होती. स्टीफन्स यांनी भारतात जाण्याची परवानगी मागितली व ती मिळाली. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच जहाजांचा तांडा निघाला आणि त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला गोव्याला लागला. साडेसहा महिन्यांच्या त्या प्रवासात त्यांच्या जहाजावरील दीडशेहून अधिक लोक आजारी पडले व सत्तावीस जण दगावले. गोव्यात उतरल्यावर पंधरवड्याभरात त्यांनी वडिलांना लांबलचक पत्र लिहिले. वारे, समुद्रातले मासे, आफ्रिकेच्या टोकाशी भेटलेली वादळे असे सगळे त्यात आहे. ते पत्र १५९९ साली इंग्लंडमध्ये प्रवासवर्णनांच्या एका प्रसिद्ध संग्रहात छापले गेले आणि पूर्वेकडे व्यापाराला निघालेल्या कित्येक इंग्रजांनी वाचले. भारतात येऊन स्थायिक झालेले पहिले ज्ञात इंग्रज म्हणून इतिहासकार फादर स्टीफन्स यांचे नाव घेतात. १५८३ साली राल्फ फिच व त्यांचे सोबती गोव्याच्या तुरुंगात पडले, तेव्हा त्यांना जामीन मिळवून देण्यासाठी धावपळ करणाऱ्यांत हेच फादर होते.

गोव्यात त्यांना काम मिळाले ते साष्टी प्रांतात, म्हणजे मडगाव व त्याच्या आसपासच्या गावांत. मध्ये काही काळ ते वसईलाही होते. तो सोडला तर उरलेली सारी वर्षे त्यांनी मुख्यतः साष्टीतच काढली.

साष्टीची तेव्हाची स्थिती स्पष्ट सांगितली पाहिजे. गोव्यात १५६० मध्ये धर्मन्यायालय स्थापन झाले होते. १५६७ मध्ये साष्टीतली देवळे पाडण्यात आली. हिंदूंचे धर्मग्रंथ बाळगण्यावर बंदी आली. त्याच्या थोडे आधी दिवाडी बेटावरच्या एका ब्राह्मणाच्या घरातून मराठी पोथ्या जप्त करून नेल्या होत्या. ज्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या संध्याकाळी देवळाच्या मंडपात बसून पुराण ऐकले होते, त्यांच्याकडून मंडपही गेला आणि पोथीही गेली. काही जण मनापासून ख्रिस्ती झाले, काही दबावाने झाले, काही नदी ओलांडून आपले देव घेऊन निघून गेले. आपल्या धर्मसभेच्या इतिहासातले हे पान काही अभिमानाचे नाही आणि ते झाकून फादर स्टीफन्स यांची थोरवी सांगता येणार नाही, असे आम्हांला वाटते.

या दडपणाचा स्फोट २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळीला झाला. फादर रुदोल्फ आक्वाविवा हे नुकतेच फत्तेपूर सिक्रीहून, अकबर बादशहाच्या दरबारातून परतले होते. ते व त्यांचे चार येशूसंघीय सोबती चर्चसाठी व क्रूस उभारण्यासाठी जागा पाहायला कुंकळ्ळीला गेले असता गावकऱ्यांनी त्यांना ठार केले. त्यांचे देह विहिरीत टाकण्यात आले. ते मिळवून राशोलला पुरण्याची जबाबदारी फादर स्टीफन्स यांच्यावर आली. नंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यावर बोलावून घेतले आणि त्यांना ठार मारले. पाच धर्मगुरू-बंधू गेले, गावचे कर्ते पुरुष गेले, आणि दोन्हीकडच्या घरांत रडणे राहिले. फादर तेव्हा पस्तिशीच्या आत होते.

त्याच वर्षी, २४ ऑक्टोबरला, त्यांनी आपल्या भावाला पत्र लिहिले. त्यात कुंकळ्ळीची हकीकत आहे, आणि आणखी एक गोष्ट आहे जी वाचून विद्वान अजून चकित होतात. येथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन भाषांशी मिळतीजुळती आहे, असे त्यांनी त्यात नोंदवले. संस्कृत व युरोपातील भाषा यांच्या नात्यावर सर विल्यम जोन्स यांचे गाजलेले व्याख्यान झाले १७८६ साली, म्हणजे दोनशे वर्षांनंतर. एवढ्या वादळात माणूस व्याकरणाकडे लक्ष देतो, हे प्रथम जरा विचित्रच वाटते. पण पुढचे सारे आयुष्य पाहिले की कळते, त्यांनी तोच मार्ग धरला. लोकांच्या बोलण्याकडे ते कान देऊन बसले.

ते कोंकणी शिकले, ती बाजारात, शेतात आणि पापनिवेदनाच्या वेळी लागे म्हणून. मराठी शिकले, ती पोथीची भाषा होती म्हणून. त्या काळी गोव्यातही ग्रंथ आणि कीर्तन मराठीतच चाले. हे करताना त्यांनी ज्ञानेश्वर-नामदेवांपासून चालत आलेली ओवी आत्मसात केली. फादर स्टीफन्स साष्टीत मराठी शिकत होते त्याच वर्षांत, इकडे पैठणला संत एकनाथ महाराज १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार करीत होते. दोघांची भेट झाल्याचा काही पुरावा नाही. पण एकाच भाषेच्या, एकाच छंदाच्या दोन टोकांना ते दोघे बसले होते.

आता पुराणाकडे येऊ. त्याच्या सुरुवातीला एक प्रसंग आहे. पाद्री साष्टीतल्या चर्चमध्ये नवख्रिस्ती लोकांना धर्मशिक्षण देत असतात. तेव्हा एक ब्राह्मण उठतो आणि आदराने विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला-ऐकायला आम्हांला दुसरे काय देता? प्रश्न अगदी साधा आहे. त्यात राग नाही, पण ज्याच्या घरातली पोथी गेली त्याचे दुःख आहे. फादर स्टीफन्स यांनी हा प्रश्न टाळला नाही, उलट ग्रंथाच्या दारातच ठेवला. पुढच्या सुमारे ११,००० ओव्या हे त्याचे उत्तर आहे.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. ‘पैलें पुराण’ यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या करारातली कथा ३६ अध्यायांत येते, तर ‘दुसरें पुराण’ यात प्रभू येशूचे चरित्र ५९ अध्यायांत. अध्यायाला त्यांनी ‘अवस्वरू’ असा शब्द वापरला आहे. सांगण्याची सारी रीत पुराणिकबुवांची. आरंभी वंदन, मग भाषेची स्तुती. त्या स्तुतीत रत्ने येतात, मोगरा येतो, कस्तुरी येते. श्रोते मध्येच शंका विचारतात, पाद्री उत्तर देतात आणि कथा पुढे सरकते. शास्त्रशुद्ध मराठी सर्वांना कळणार नाही म्हणून आपण त्यात ब्राह्मणांच्या बोलीतले, म्हणजे कोंकणीतले, सोपे शब्द मिसळले आहेत, असेही त्यांनी प्रस्तावनेत सांगून ठेवले आहे. ऐकणारा कोण आहे हे एवढे स्पष्ट डोळ्यांपुढे ठेवून लिहिणारा लेखक विरळाच.

शब्दांची निवड तर फार विचारपूर्वक आहे. स्वर्गाला ते बिनदिक्कत वैकुंठ म्हणतात. श्रोत्याच्या मनात वैकुंठ म्हटल्यावर जे सुख आणि जो प्रकाश उभा राहतो तो त्यांना हवा होता. पण बाप्तिस्मा, क्रूस, पवित्र आत्मा अशा ठिकाणी ते पोर्तुगीज किंवा लॅटिन शब्द तसेच ठेवतात. तेथे जवळचा शब्द घेतला तर जुना अर्थही बरोबर येईल, ही त्यांची अडचण असावी. कुठे आपल्या अंगणातला कडबा आणायचा आणि कुठे नाही, याचा निर्णय त्यांनी शब्दाशब्दाला घेतला. आपण आज मिस्सा, क्रूस, पाद्री, नाताळ म्हणतो ते सारे पोर्तुगीजांकडून आले, आणि कृपा, भक्ती, प्रायश्चित्त, उपवास हे शब्द आपल्या शेजाऱ्यांच्या देवघरातले आहेत. आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकातले एखादे पान काढून पाहावे. दोन्ही प्रकारचे शब्द एकाच ओळीत सापडतील.

हे केवळ भारतातच घडले असे मात्र नाही. नवव्या शतकात जर्मनीतल्या सॅक्सन लोकांसाठी कोणा अज्ञात कवीने ‘हेलियांद’ नावाचे काव्य रचले. त्यात प्रभू येशू हा सरदार आहे, शिष्य हे त्याचे निष्ठावंत योद्धे आहेत, आणि गॅलिलीतली गावे तटबंदीची ठाणी झाली आहेत. त्या लोकांनाही तलवारीच्या जोरावर ख्रिस्ती केले होते आणि नंतर कोणीतरी त्यांच्या छंदात गोष्ट सांगितली, हे साम्य विसरण्याजोगे नाही. म्हणजे युरोपने ज्याला मूळ रूप म्हणून जगभर नेले, तेही एके काळी कोणीतरी युरोपियनांसाठी बदलून घेतलेलेच होते. फादर स्टीफन्स यांच्याच काळात अकबर बादशहाने महाभारताचा फारसी अनुवाद करवून घेतला. ‘रज्मनामा’ हे त्याचे नाव. त्यातल्या चित्रांत कौरव-पांडव मुघली धाटणीने रंगवलेले दिसतात. याच दरबारासाठी फादर जेरोम झेवियर यांनी १६०२ साली प्रभू येशूचे चरित्र फारसीत लिहिले. मदुराईत फादर रॉबर्ट दी नोबिली यांनी संन्याशाचा वेष घेतला व तमिळ-संस्कृतात ग्रंथ लिहिले. नगर रस्त्याने पुण्याला जाताना रामवाडीला दी नोबिली कॉलेज लागते, ते त्यांच्याच नावाचे.

तरी ख्रिस्तपुराणाचे वेगळेपण आहे. दी नोबिलींनी वेष बदलला, फादर स्टीफन्स यांनी आपला पाद्रीचा झगा तसाच ठेवला आणि बदलले ते गोष्टीचे अंग. दुसरी बाजूही सांगायला हवी. या ग्रंथात जुन्या देवदेवतांविषयी कठोर शब्द आहेत. ओवी घेतली, वैकुंठ घेतले, पण ज्यांच्याकडून घेतले त्यांच्या श्रद्धेविषयी आज आपली धर्मसभा ज्या आदराने बोलते तो आदर तेथे नाही. पोथ्या जप्त करण्याच्या धोरणाविरुद्धही ते उभे राहिल्याचे दिसत नाही. इंग्लंडात ज्यांची मिस्सा बंद झाली होती, त्यांना साष्टीतल्या त्या ब्राह्मणाचे दुःख कळले होते असे ग्रंथाची सुरुवातच सांगते. मग ते एवढ्यावरच का थांबले? आम्हांला हा प्रश्न पडतो. ते आपल्या काळाचे होते, एवढे म्हणून तो पुरता सुटत नाही.

ग्रंथ लिहिण्याइतकीच तो छापण्याची खटपट मोठी होती. गोव्यात छापखाना १५५६ पासून होता, पण खिळे रोमन लिपीचे. मराठी माणूस मराठी पोथी रोमन लिपीत कशी वाचणार? १६०८ साली फादर स्टीफन्स यांनी रोमला संघाच्या महाधिपतींना पत्र लिहून येथल्या लिपीत छापण्याची सोय व्हावी अशी इच्छा कळवली. जोडाक्षरे आणि काने-मात्रे धरून सहाशे साचे लागत होते, ते दोनशेंवर आणता येतात, इतका बारीक विचार झाला होता. पण ते खिळे काही तयार झाले नाहीत. अखेर १६१६ साली राशोल येथे ख्रिस्तपुराण रोमन लिपीतच छापले गेले. ग्रंथकर्त्यांचे वय तेव्हा सदुसष्टच्या आसपास होते. तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, गोव्यातच त्यांचे निधन झाले. त्यांची कोंकणी प्रश्नोत्तरी १६२२ मध्ये आणि कोंकणीचे व्याकरण १६४० मध्ये, दोन्ही त्यांच्या पश्चात छापून आली.

पुराण मात्र चालू राहिले. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. चर्चमध्ये ते मोठ्याने गाऊन वाचले जाई, विशेषतः उपवासकाळात. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनाही ओव्या पाठ असत. मग १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की, येथल्या लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. पूर्वी एकाच्या पोथ्यांवर बंदी होती, आता ख्रिस्ती माणसाच्याही ओठांवर बंदी आली. पहिल्या तीन आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही.

ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या कॅथलिक कुटुंबांनी तो हाताने उतरवून घेतला होता. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने मंगळूरकडच्या हजारो ख्रिस्ती लोकांना कैद करून श्रीरंगपट्टणला नेले. धर्मगुरू नाहीत, चर्च नाही, मिस्सा नाही, अशी पंधरा वर्षे गेली. त्या बंदिवासात ख्रिस्तपुराणाच्या ओव्यांनी धीर दिला, असे मंगळूरची परंपरा सांगते. जी पोथी दुसऱ्यांच्या पोथ्या काढून घेतल्यावर लिहिली गेली, ती अशी एकदा आपल्या माणसांच्या कैदेत उपयोगी पडली.

मंगळूरलाच १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी हस्तलिखिते जुळवून ती पुन्हा छापली, रोमन लिपीतच. नंतर १९२० च्या दशकात अमेरिकन मिशनरी जस्टिन अॅबट यांना लंडनच्या मार्सडन संग्रहात पुराणाचे देवनागरी हस्तलिखित आढळले. गंमत अशी की, त्यात पोर्तुगीज-लॅटिन शब्दांच्या जागी बरेचसे संस्कृत शब्द आहेत. म्हणजे एकच पुराण निदान दोन प्रकारच्या श्रोत्यांसाठी दोन पेहरावांत हिंडत होते. अलीकडे, २००९ मध्ये, सलेशियन धर्मगुरू फादर नेल्सन फाल्काव यांनी ते आजच्या मराठीतल्या रूपांतरासह प्रसिद्ध केले. ज्यांना जुनी भाषा अवघड वाटते त्यांनी तेथून सुरुवात करावी.

आणि १६०८ च्या त्या पत्रातली इच्छा? ती पूर्ण झाली आपल्या पुण्यात. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेले ख्रिस्तपुराण प्रसाद प्रकाशनाने देवनागरीत छापले. राशोलच्या त्या पहिल्या आवृत्तीला तेव्हा ३४० वर्षे झाली होती.